काकांचा कान

तारनाका, रविवार संध्याकाळ

गणपती मंडळाच्या साउंडसाठी क्रॉसओव्हर, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगळे करणारं यंत्र, निवडायचा होता. मी आपोआप चालणारा डिजिटल म्हणत होते. माधवकाकांना ते आवाज स्वतःच्या कानाने वेगळे करायचे होते, इतकी वर्षं करतात तसे.

"नक्को गे, माझा कान आहे ना!"

मी त्यांना सगळ्यांसमोर स्पीकरजवळ उभं केलं आणि आठ हजार हर्ट्झचा अगदी बारीक, कर्कश सूर सोडला. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. काका मान तिरकी करून थांबलेले.

"लाव की, पोरी."

"केव्हाचा लागलाय, काका."

सगळे हसले. डिजिटल ठरला.

हे एकट्यात करता आलं असतं. पण मग ते मागे हटले नसते. ती तिरकी मान...

घरी आईने आत्ता त्यांना दोनदा जेवायला बोलावलं. ते उठले नाहीत. आईचा आवाज तसा जाडच आहे.

"ऐकू आलं नसेल," मी म्हणाले.