खालच्या ओळी

भातकुली, २८ नोव्हेंबर २०१८

चि. आचलीस अ. आ.

फोनवर तू नुसती हो-हो करते, म्हणून पत्र. तुझ्या सातवीतली पोरं धड्याची पहिली ओळ वाचून पान बोटानं वर सरकवायला जातात, हे तुझ्या मागच्या पत्रात वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. पोरी, त्यांना कविता दे, चालीवर, शेवटच्या कडव्यापर्यंत. आमच्या टिनाच्या शाळेत बद्रुद्दीन अक्षरं जुळवताना घामाघूम व्हायचा, पण शेवटचं कडवं त्यानं कधी गाळलं नाही. टिनावर पाऊस, अन् त्याचा आवाज त्याच्याही वर!

तोच बद्रुद्दीन रविवारी तुझ्याकडे येईल. बोंडअळीनं सोडला तेवढा घरचा कापूस पोत्यात देतो आहे. गादी भरून घे. पिंजायची धुनकी त्याच्या खांद्यावर असतेच.

अन् हो, जुन्या विद्यार्थ्यांनी मले मोबाईलच्या गटात घेतलं. पोतं घेतलेला म्हातारा अकोल्यात पोरं पळवते, असा संदेश आला; लगेच सगळ्यांना धाडला. तुझ्या छोटीला जप.

तुझ्या पत्राची वाट पाहणारा,
बाबा

अकोला, ४ डिसेंबर २०१८

ती. बाबांस सा. न.

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डाव्यानं लिहून राहिली, अक्षराला हसू नका.

बद्रुद्दीनचाचांनी गल्लीत एका पोरीला आपलं घर विचारलं, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं. मी पोचेस्तोवर तीस-चाळीस जण तुटून पडले होते. त्यांचीच धुनकी हिसकून डोक्यात घातली, ती मोडेपर्यंत. दात रस्त्यावर पडले. पोतं फाडून आत मूल शोधलं. कापूस नालीत गेला, लाल झाला. मी मधे पडले तर कोपरावर वीट बसली. मारणारा माझ्या वर्गातला विपुल. मला पाहताच रोजच्या सवयीनं तो गुड मॉर्निंग मॅडम म्हणाला. दुसरी वीट त्याच्या हातात होती.

त्याच्या खिशातला मोबाईल ओढून मी ‘आणखी वाचा’ दाबलं. खाली लिहिलं होतं की ही अफवा आहे, कोणावर हात उचलू नका. ओरडून वाचलं. कोणी थांबलं नाही.

चाचा शुद्धीवर नाहीत. हलीमाचाची उशाशी बसून आहेत. मी राजीनामा लिहून ठेवला. मी वाचायला शिकवलेल्यांनीच मारलं. विपुलला तो संदेश त्याच्या काकानं पाठवला होता, अन् काका म्हणजे तुमच्या गटातले रामराव. बाबा, तुम्ही खालचं वाचलं होतं काय?

तरीही तुमचीच,
आचल

भातकुली, ९ डिसेंबर २०१८

चि. आचल,

नाही वाचलं. पहिल्या दोन ओळी दिसल्या, अकोला दिसलं, तू अन् छोटी आठवली, अन् बोट दाबलं गेलं. चाळीस वर्षं मी पोरांना शेवटच्या कडव्याआधी उठू दिलं नाही.

ठाण्यात माझं नाव देऊन आलो. तू राजीनामा फाड. तुझ्या वर्गात मागच्या बाकावर मीही बसतो. विपुल परत आला तर त्याच्या शेजारी बसेन. दोघांनाही पहिल्यापासून शिकव.

शुक्रवारी बद्रुद्दीनला माती दिली. काल हलीमाबीकडे गेलो. तिला वाचता येत नाही. माह्या माणसाले काहून मारलं, त्यात काय लिहिलं होतं ते वाचून दाखवा, म्हणाली. मी वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. मग सांगितलं की हे मीच धाडलं होतं. ती रडली नाही. मोबाईलकडे पाहून एवढंच म्हणाली, की गुरुजी, आता वाचून राहिले काय तुमी.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. उरली असेल तेवढी माया राहू दे.

नत्थुजी