एका हातानं उचलता येणारी बॅटरी

बाबा, परवा दिग्रसच्या आपल्या अंगणात दादानं माझ्या गाडीच्या बॅटरीला मीटर लावलं, शून्य पाहिलं आणि अगदी तुमच्या आवाजात म्हणाला, "मेली." तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण तो शब्द घरात अजून चालू स्थितीत आहे. दुकानात आलेल्या जवळजवळ प्रत्येक बॅटरीवर तुम्ही तो टाकायचात. गिऱ्हाईक मयतीला आल्यासारखं तोंड करून जुनी बॅटरी भंगारात सोडायचं, नवी घेऊन जायचं. मग मागच्या खोलीत तुम्ही त्या मयताला चार्जिंगला लावायचात आणि ते उठून दुसऱ्या कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये नांदायला जायचं. इतक्या जणांना मारून इतक्या जणांना उठवणारा माणूस तालुक्यात दुसरा नव्हता, आणि तरी लोक तुम्हाला सरळ माणूस म्हणत. टोपी स्वच्छ असायची, म्हणून असेल.

दहावीच्या सुट्टीत मी आर्णीच्या एका जीपवाल्यासमोर बोलून गेले होते, की ही मेलेली नाही काका, नुसती उतरली आहे. तुम्ही तिथं हसलात. संध्याकाळी स्वयंपाकघरात मी तुमच्या शेजारीच भाकरी खात बसलेली, आणि तुम्ही आईला सांगताय, "तिले सांग, गिऱ्हाइकापुढं तोंड उघडाचं नाही. अन् जिले बॅटरी उचलता येत नाही, तिनं दुकानात पाय ठेवाचा नाही." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. दुसऱ्या दिवसापासून दादा दुकानात बसला. त्याला तेव्हा लाल आणि काळ्या वायरीतली प्लसची कोणती हे सांगावं लागे, पण बॅटरी मात्र तो खांद्यावर घ्यायचा. तुमच्या बाकी सगळ्या मुद्द्यांची मी पुढं आयुष्यभर लेख लिहून चामडी सोलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. हा एकच मुद्दा खोडता आला नाही. शिशाची बॅटरी जड होती, आणि मला ती उचलवत नव्हती.

म्हणून यंदा गाडीची जुनी बॅटरी गेली तेव्हा मी लिथियमची घेतली. हलकी. भाजीच्या पिशवीसारखी एका हातानं उचलता येते. विकणारा तिचे गुण सांगत होता, मी ऐकत नव्हते. मला फक्त उचलून पाहायची होती.

ती गाडीत बसवून मी आईला आणायला दिग्रसला गेले. आईनं मला यवतमाळला फोन करून एवढंच विचारलं होतं, "मले तुह्याकडं घेऊन जाशीन का?" का ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दादा वाईट वागवत नाही तिला; तो तिला घरात ठेवतो, तुम्ही ठेवायचात तशी. मी दोन रात्री राहिले, तेवढ्यात डिकीतला दिवा चालू राहिला आणि निघायच्या सकाळी गाडीनं टक्कसुद्धा केलं नाही. दादानं निकाल दिला आणि लगेच पुढची व्यवस्थाही लावली. "तू बसनं जाय. आई कुठं बसमधी चढते, गुडघे पाह्यले का तिचे? राहू दे तिले इथंच." आई ओट्यावर पिशवी घेऊन बसलेली. मी पाहते तर तिचा हात पिशवीच्या गाठीवर. मावशीकडं उमरखेडला जायची पिशवी तिनं किती वेळा भरली होती, आणि दर वेळी नेमकी त्याच दिवशी तुम्हाला दुकानाच्या कामाला गाडी हवी असायची. ती लुगडी परत संदुकीत ठेवायची. ती गाठ सोडणं तिला इतकं सवयीचं, की बोटं आपोआप ती सोडायला लागली होती.

मी म्हटलं, "आई, थांब थोडी." दादा तोवर दुकानातलं तुमचं मोठं चार्जर आणायला निघालेला, म्हणत होता, जोराचा करंट दिला की कोणतीही उठते, बाबा असेच उठवत. मी त्याला आडवी गेले. म्हटलं, ही शिशाची नाही, हिला तसा करंट दिलास तर खरंच मरेल, पेट घेईल. पार उतरली की ही आतल्या सर्किटनं स्वतःला बाहेरच्या तारांपासून तोडून घेते, म्हणून बाहेरून शून्य दिसतं. बॅटरीसोबत आलेलं छोटं चार्जरही तिला ओळखत नव्हतं, त्याचा दिवा लागेना. त्याच्या लेखी तिथं बॅटरीच नाही. हे सगळं सोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं होतं. आपल्या घरात पुस्तिका वाचणं हा बायकी दोष समजतात. दादाच्या गाडीतली चांगली बॅटरी मी त्यालाच उचलायला लावली, प्लसला प्लस, मायनसला मायनस जोडलं, आणि हात माझ्या बॅटरीच्या अंगावर ठेवून बसले, गरम होते का पाहत. थोड्या वेळानं मीटर अकरा व्होल्टच्या वर गेलं, म्हणजे ती जागी झाली. मग वायरी सोडून छोटं चार्जर लावलं. या वेळी दिवा लागला.

दादा म्हणाला, "असं कुठं असते का." मग म्हणाला, सुरू झाली तरी घाटात बंद पडेल. दुपारभर तो चहाच्या निमित्तानं येऊन तिच्याकडं पाहून जात होता. आई पिशवी मांडीवर घेऊन तशीच बसलेली, जेवलीसुद्धा नाही. उन्हं कलली तेव्हा मी बॅटरी एका हातानं उचलून गाडीत बसवली, आणि गाडी सुरू झाली. आई उठली. कुणाचा आधार न घेता उठली, पुढच्या सीटवर बसली आणि दार स्वतः ओढलं.

दारव्ह्याच्या पुढं गेल्यावर ती म्हणाली, "तुह्या बाबानं पाह्यलं असतं तं लय खुश झाले असते."

झाला नसतात तुम्ही. त्या जीपवाल्यासमोर हसलात तसंच हसून आत गेला असतात आणि आईकरवी निरोप धाडला असतात. माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, चांगलं धारदार. मी म्हटलं, "हो." हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून सांगते, हो म्हणताना मला खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. तसं वाटलं नाही, याचाच माझा राग अजून गेलेला नाही.