डेल्बर्टच्या गाडीचे दोन गोल रिव्हेट

मी, व्हर्नन स्टकी, वय वर्षे शहात्तर, राहणार मिल स्ट्रीट, ड्रेसलर, ओहायो, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, भर दिवसा, माझ्या वकील पॅट ओहलर यांच्या कचेरीत बसून लिहीत आहे. माझी फुप्फुसे निकामी होत आली आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. पॅटबाईंचे म्हणणे असे की, मृत्युपत्र टाइप करून घ्यावे, चार ओळींत आटपावे आणि मनातले जे असेल ते पाद्रीबाबांना सांगावे. पाद्रीबाबांकडे गाडी नाही. त्यांना यातले काही कळायचे नाही.

यापूर्वी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी स्वतःचा उल्लेख 'या राज्यातील नामांकित परीक्षक' असा केला होता. तो कागद माझ्यादेखत फाडला गेला आहे.

कलम पहिले. मिल स्ट्रीटचे घर माझा पुतण्या ग्लेन याला द्यावे. ग्लेन मनाचा चांगला आहे आणि माझ्या आजारपणात त्याने माझे केले आहे. परंतु जुन्या गाडीवर नवा चकचकीत रंग मारून मूळ खुणा बुजवण्याची त्याची खोड मला कधीच पटली नाही. घराला रंग द्यावा. स्वयंपाकघराच्या दारामागे आर्लीनने पेन्सिलीने लिहून ठेवलेले फोन नंबर आहेत, त्यांवर मात्र ब्रश फिरवू नये. आर्लीन माझी बायको होती. तिला जाऊन नऊ वर्षे झाली. त्यातले निम्मे नंबर आता लागत नाहीत, तरी फिरवू नये.

कलम दुसरे. बँकेत जे काही आहे त्यातून माझा अंत्यविधी साधेपणाने व्हावा. उरेल ते तालुक्याच्या इस्पितळाला द्यावे. मोटार क्लबने माझ्या शवपेटीमागून गाड्यांची मिरवणूक काढू नये. ते विचारायला येतील, त्यांना हे वाचून दाखवावे.

कलम तिसरे. पाने, पक्कडी, जॅक आणि वेल्डिंगचे सामान ग्लेनने घ्यावे. शिडी शेजारच्या ऑर्व्हिलकडे आहे. ती त्याने सहा वर्षांपूर्वी 'दोन दिवसांसाठी' नेली. ती त्याच्याकडेच राहू द्यावी, पण ती मी त्याला दिली असे त्याला कळवावे, म्हणजे त्याला थोडी लाज वाटेल. लाजेचा उपयोग होतो. मला उशिरा झाला.

कलम चौथे. माझे भिंग, काठीवरचा आरसा आणि छोटी बॅटरी कोणालाही देऊ नये. ही तिन्ही माझ्याबरोबर पुरावीत. या तीन वस्तूंनी मी सदतीस वर्षे लोकांच्या गाड्यांच्या पट्ट्या तपासल्या. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहितो. पुढच्या काचेखाली धातूची एक छोटी पट्टी असते, तिच्यावर गाडीचा नंबर ठोकलेला असतो आणि ती दोन रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून चपट्या केलेल्या खिळ्यांनी, बसवलेली असते. सत्तर सालची मोठ्या इंजिनाची गाडी आज घराच्या किमतीला जाते. म्हणून लोक साध्या गाडीला भंगारातल्या भारी गाडीची पट्टी लावतात. खरी कोणती आणि लबाडीची कोणती, हे सांगण्याचे काम माझे होते. अक्षराचा घाट, रंगाचा ओघळ, पट्टीमागचा गंज, सगळे मी डोळ्यांत तेल घालून बघत असे. जत्रेच्या मैदानावर लोक म्हणत, "स्टकी बोलला ना? मग विषय संपला."

माझा शब्द चालायचा त्याचे कारण हे की, या गावच्या कारखान्यात त्या पट्ट्या बसवायला मीच उभा असे. एकोणिसाव्या वर्षापासून, दिवसपाळीत.

कलम पाचवे. हे कलम वाटपाचे नाही. पॅटबाई म्हणाल्या, "व्हर्न, यात तुम्ही कोणाला काहीच देत नाही. कायद्याने याला कलम म्हणता येणार नाही." मी म्हणालो, मग कायद्याने डोळे मिटून घ्यावेत.

खरी पट्टी फुलाच्या रिव्हेटांनी बसवलेली असते. रिव्हेटच्या माथ्यावर सहा पाकळ्या असतात. ती फुले बाहेर विकत मिळत नसत, मोजून मिळत, आणि म्हणूनच ती खरेपणाची खूण ठरली. सोमवार, ९ मार्च १९७० रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फुलांचा डबा रिकामा झाला. कोठारातून नवा आला नाही. मुकादम ओरडला, "गाड्या थांबता कामा नयेत. काय वाट्टेल ते ठोक." माझ्या शेजारी डॅशबोर्ड बसवणारा डेल्बर्ट क्रेब्स होता. तो धावत हीटरवाल्यांकडे गेला आणि तिथून साध्या गोल माथ्याच्या रिव्हेटांची मूठ भरून घेऊन आला. जेवणाच्या शिट्टीपर्यंत मी गोल रिव्हेट लावले.

त्या दरम्यान डेल्बर्टची स्वतःची गाडी आली. आमच्यात रीत होती, कामगाराने स्वतः मागवलेली गाडी येणार असली की, जोडणीच्या रांगेतल्या पहिल्या ठिकाणचा माणूस तिच्यावर खडूने मालकाचे नाव लिहून सोडे, आणि पुढे प्रत्येक जण आपले काम जरा मन लावून करी. हिरवी गाडी, सर्वांत मोठे इंजिन, काचेवर खडूने 'क्रेब्स'. डेल्बर्ट नवऱ्या मुलासारखा उभा होता.

मी म्हणालो, "डेल, तुझ्या नशिबात फूल नाही बाबा. बटणांवर भागव."

तो म्हणाला, "बटणं तर बटणं. नीट ठोक मात्र, माझी पोरं बसायची आहेत त्यात."

मी नीट ठोकले. जेवणाच्या सुट्टीत त्याने आपल्या तळलेल्या बलोनी सॉसेजच्या सँडविचातले अर्धे मला दिले आणि मी माझ्या पाळीच्या वहीत लिहिले: 'फुले संपली. ९.१० ते शिट्टी गोल लावले. डेलच्या गाडीलाही.' उरलेले अकरा गोल रिव्हेट तंबाखूच्या पत्र्याच्या डबीत टाकले.

कारखाना बंद पडल्यावर मी परीक्षक झालो. क्लबसाठी मी एक तक्ता लिहिला. त्यात ठळक अक्षरांत लिहिले: 'गोल रिव्हेट म्हणजे बनावट. अपवाद नाही.' लिहिताना ती सकाळ मला आठवली नव्हती. एवढे खरे आहे, आणि माझ्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच आहे.

शनिवार, १८ जुलै १९९८. जत्रेच्या मैदानावर वार्षिक प्रदर्शन होते. डेल्बर्टने अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा गाडी परीक्षणाला आणली. मुलगी नॅडीन बरोबर होती. ती लहानपणापासून मला व्हर्नकाका म्हणत असे. मी काचेवर वाकलो, भिंग धरले, आणि दोन गोल माथे दिसले.

डेल्बर्ट हसत म्हणाला, "ओळखलंस का? तूच ठोकलेत की रे."

त्याच क्षणी मला सगळे आठवले. खडू, मूठ, सँडविच, सगळे. तक्ता बारा राज्यांत वाटला गेला होता. गोल रिव्हेटमुळे आणखी दोन गाड्या मी आधीच खोट्या ठरवल्या होत्या. भोवती चाळीस माणसे उभी होती. मी पाच मिनिटे भिंग लावून बघत राहिलो. लोकांना वाटले मी रिव्हेट बघतो आहे. मी पळवाट शोधत होतो.

मग सरळ होऊन म्हणालो, "असलं काही माझ्या आठवणीत नाही, डेल."

"व्हर्न, त्या सोमवारी..."

"कारखान्यात फुलंच लागायची. ही पट्टी नंतर बसवलेली आहे." आणि काचेवर बनावट गाडीची लाल चिकटपट्टी लावली.

डेल्बर्टने माझ्याकडे पाहिले, आणि त्याला कळले की मला आठवते आहे. हे मी शपथेवर लिहितो. नॅडीन म्हणाली, "व्हर्नकाका, बाबा खोटं बोलत नाहीत." मी पुढच्या गाडीकडे गेलो.

क्लबने सभासदांतून त्याचे नाव काढून टाकले. चोरीच्या गाडीची पट्टी असावी अशा कुजबुजीवरून शेरिफचा माणूस त्याच्या कोठारात दोनदा जाऊन आला. त्याला काही सापडले नाही, पण तो गेला होता एवढे गावाला पुरले. चर्चमध्ये लोक त्याच्या बाकावर बसेनासे झाले. त्याने गाडीवर ताडपत्री टाकली ती पुन्हा काढली नाही. २०११ साली तो गेला. मी त्याच्या दफनाला गेलो आणि फाटकाबाहेर गाडीत बसून परत आलो. वही आणि डबी या सगळ्या काळात माझ्या टेबलाच्या दुसऱ्या खणात होती. खण मी रोज उघडत असे. पेन त्यातच असते.

मला याची लाज वाटते. चूक माणसाकडून होते असे लोक मला सांगतील, म्हणून आधीच लिहून ठेवतो की ही चूक नव्हती. चूक तक्त्यात होती. मैदानावर मी केले ते खोटे बोलणे होते.

सबब माझी आज्ञा अशी की, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या जुलै प्रदर्शनात हे पाचवे कलम बक्षिसांच्या आधी भोंग्यावरून शब्दशः वाचावे. 'गैरसमज' हा शब्द कोणी वापरू नये. ९ मार्चच्या त्या सकाळच्या सर्व गाड्या खऱ्या आहेत.

कलम सहावे. वही, पत्र्याची डबी आतल्या अकरा रिव्हेटांसह, आणि माझी स्वतःची लाल गाडी, हे सर्व नॅडीन क्रेब्स हिला द्यावे.

(वरील कलम सहावे खोडले आहे. खोडण्याचे कारण खाली लिहितो.)

आज साक्षीदार म्हणून दोघे यायचे होते. पॅटबाईंच्या कारकून लूएला बाई आणि क्लबचे अध्यक्ष. अध्यक्षांनी पाचवे कलम वाचले, टोपी उचलली, म्हणाले, "व्हर्न, मेलेल्या माणसासाठी जिवंत क्लबचं नाव कशाला घालवतोस?" आणि निघून गेले. नॅडीनला मी वाचायला बोलावले होते. ती खिडकीपाशी उभी राहून शेवटपर्यंत वाचत होती. तिने दोनदा वाचले.

मग पॅटबाईंना म्हणाली, "साक्षीदार कमी पडतोय का? मी करते सही."

"तुला नाही करता येणार. ज्याला यातून काही मिळतं त्याची सही चालत नाही."

"मग माझं नाव खोडा."

मी म्हणालो, "नॅडीन, गाडी तरी ठेव. चांगली चालते."

ती म्हणाली, "मला तुमची गाडी नको, मिस्टर स्टकी. आमच्याकडे गाडी आहे." मग म्हणाली, "वही आणि डबी गावच्या संग्रहालयात काचेखाली ठेवा, कोणालाही बघता येईल अशी. मला फक्त एक पाहिजे. उद्या कोणी म्हणालं की म्हातारा शेवटी भ्रमिष्ट झाला होता, तर तो नव्हता, हे सांगणारी सही माझी असू दे."

मी विचारले, "माफ करशील का?" विचारायला नको होते.

"त्यासाठी नाही आले," ती म्हणाली. "आणि एक लिहायचं राहिलंय तुमचं. सुरुवातीला लिहिलंय की डोकं ठिकाणावर आहे. त्या दिवशी मैदानावरही होतं. तेही लिहा."

कलम सहावे, सुधारित. वही आणि डबी ड्रेसलरच्या संग्रहालयाला द्यावी आणि काचेखाली ठेवावी. लाल गाडी विकून येईल ते दुसऱ्या कलमाप्रमाणे इस्पितळाला द्यावे. नॅडीन क्रेब्स हिला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही.

कलम सातवे व शेवटचे. शनिवार, १८ जुलै १९९८ रोजी मी पूर्ण शुद्धीत होतो. मला कोणी धमकावले नव्हते, फूस लावली नव्हती.

हे सर्व मी वाचून, समजून, दोघींच्या समक्ष सही केली.

व्हर्नन स्टकी

साक्षीदार:

१. लूएला मे ट्रूब, कारकून.

२. नॅडीन क्रेब्स, डेल्बर्ट क्रेब्स यांची मुलगी. मिस्टर स्टकी यांना हे लिहिताना मी पाहिले. यांना सगळे आठवत होते.

ठिकाण: ड्रेसलर, ओहायो
गुरुवार, १७ ऑक्टोबर २०२४