नावापुढची शेपटी

सोलो, ११ फेब्रुवारी

चि. वेनिंग हिस, पाकदेचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझ्या लग्नाच्या कार्डाचा नमुना मिळाला. कागद चांगला आहे, सोनेरी वेलबुट्टीही बेताची आहे. चष्मा पुसून वाचला. मुलाकडच्या बाजूला व्याह्यांच्या नावाआधी पदवी, मग हाजी, मग नाव, त्यानंतर आणखी एक पदवी. नवरदेव दानारच्या नावापुढे इंजिनियरची पदवी. आपल्या बाजूला तुझ्या बापाच्या नावाआधी 'दिवंगत' आणि नावानंतर मोकळी जागा. खाली वली म्हणून माझं नाव, त्याला व्यवस्थापनातली एम.एम. आहे म्हणून घराण्याची लाज राहिली. आणि नवरीच्या नावापुढे काय, तर पदविका. बर्फाच्या यंत्रांची.

तू म्हणशील, पाकदेंनीच जिल्हा शिक्षण कार्यालयात असताना गावोगावच्या व्यवसाय-शाळांत भाषणं ठोकली, की हाताचं शिक्षण हा देशाचा कणा आहे. ठोकली, टाळ्याही घेतल्या. पण ती भाषणं समाजासाठी होती. समाज वेगळा आणि आपलं घर वेगळं, एवढं तुला कळायला हवं होतं.

उपाय आहे. माझे मित्र सुप्राप्तो यांच्या खाजगी विद्यापीठात शनिवारी वर्ग भरतात. माझी एम.एम. तिथलीच. दीड वर्षात तू अर्थशास्त्राची पदवीधर होशील, तोवर लग्न पुढे ढकलू. तुझी आई हो म्हणेल. ती सगळ्यालाच हो म्हणते. तुला बाप नाही, भाऊ नाही, आजोबा नाहीत. बापाचा थोरला भाऊ, तुझा पाकदे, म्हणून निकाहात तुझा हात द्यायला वली बसायचा तो मीच. पदविकेच्या कार्डावर मी बसणार नाही, हे प्रेमानेच सांगतो आहे.

असलं काही फोनवर लिहायचं नसतं, म्हणून पत्र. तब्येतीला जप. लोभ आहे तो पदवी मिळेपर्यंत तरी टिकव.

तुझा,
पाकदे सुमारवोतो


सेमारांग, १९ फेब्रुवारी

ती. पाकदे यांस, तुमचा हात कपाळाला लावून सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. कार्डाची इतकी बारीक तपासणी छापणाऱ्यानेही केली नव्हती.

लग्न पुढे ढकलता येत नाही. दानारची जुलैत बालिकपापानला बदली होते आहे आणि तिथे पहिलं वर्षभर रजा नाही. म्हणून एकवीस जून धरला आहे.

आता पदविका. बर्फाची यंत्रं नव्हेत, पाकदे, शीतगृहं. बंदरावर उतरलेली मासळी परदेशी पोचेपर्यंत गोठलेली राहते ती आमच्यामुळे. शेवटच्या वर्षी कॉलेजने आम्हाला शीतगृहातच कामाला धाडलं. तिथल्यांनी निकाल लागायच्या आत मला ठेवून घेतलं, आणि आता एका पाळीची प्रमुख मी आहे. त्याच कॉलेजने पदविकेचे सगळे विषय धरून मला पदवीच्या थेट शेवटच्या वर्षाला घेतलं. वर्ग संध्याकाळी असतात. उपयोजित पदवी म्हणतात तिला. ऑक्टोबरात हातात पडेल. माझ्या शाळेतली हेस्ती आठवते ना, तुम्ही जिचं उदाहरण देत होतात? तिने अर्थशास्त्रच केलं. सध्या ती आमच्या फाटकावर येणाऱ्याजाणाऱ्यांची नावं लिहून घेते. परवा विचारत होती, की पदविकेला पदवीधरांना घेतात का.

चेष्टा पुरे. मला वली तुम्हीच हवे आहात. तुम्ही नाही म्हणालात तर सरकारी वली मिळतो. पण बाबांच्या जागेवर ओळख ना पाळख असा कुणी बसेल, याची मला भीती वाटते. फार वाटते. रागावून का होईना, पण या.

घरी बुदेंना नमस्कार. माझ्यावर राग आणि लोभ दोन्ही आहेत, त्यातला लोभ थोडा जास्त असू द्यावा.

तुमची,
वेनिंग


सोलो, ६ एप्रिल

चि. वेनिंग हिस, बुदेचे अ. उ. आ.

हे पत्र तुझ्या पाकदेंना कळता कामा नये. ते माझा फोन तपासतात, पण टपालपेटीपर्यंत माझ्या मागे येत नाहीत.

तुझं पत्र आल्यापासून ते 'उपयोजित' हा शब्द चघळत होते. खऱ्या पदवीचा काही उपयोग नसतो, म्हणून तर तिला मान असतो, असं शेजारच्या हार्जोंना समजावत होते. आणि गेल्या आठवड्यात आभाळ कोसळलं. सुप्राप्तोंचं शनिवारचं विद्यापीठ सरकारने बंद केलं आणि तिथल्या पदव्या रद्द केल्या. पेपरात आलं. मला काही धक्का बसला नाही. हे शनिवारी डबा घेऊन जायचे आणि दुपारची झोप काढलेला चेहरा घेऊन यायचे. प्रबंधात काय लिहिलंय ते टाइप करणाऱ्याला ठाऊक. आता फाटकावरची नावाची पाटी रंगवायची म्हणून उतरवली आहे. रंग अजून आणलेला नाही.

तुझ्या पदविकेबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. नवीनच टूम निघाली आहे, की एकवीस जूनला आपल्याला ताप येणार. कार्डावर एम.एम. छापलं तर खोटं, नाही छापलं तर ऑफिसातली जुनी मंडळी विचारणार. त्यापेक्षा अंथरुणात पडलेलं बरं.

तुला एक सांगते. तुझे बाबा तंत्रशाळेत शिकून साखर कारखान्यात बॉयलर सांभाळायचे. ह्यांना कुणी विचारलं की हे म्हणायचे, धाकटा कारखान्यात असतो, आणि पुढचं समोरच्याला हवं तसं समजू द्यायचे. धाकटा गेल्यापासून तर त्याचं नावही ह्यांच्या तोंडून ऐकलेलं नाही. माणूस वाईट नाही गं. पाटी नसली की उघडा पडतो, एवढंच.

तूच काहीतरी कर. पत्र वाचून फाडून टाक, लोभ तेवढा शाबूत ठेव.

तुझी,
बुदे


सेमारांग, १४ एप्रिल

ती. पाकदे यांस, सा. न. वि. वि.

कार्डात थोडा बदल केला आहे, तो तुम्हाला आधी कळवते. दानारच्या वडिलांना त्यांच्या पदव्यांचा क्रम विचारायला गेलो, तर त्यांनाच तो आठवेना. त्यावरून नवराबायकोत जुंपली. शेवटी ठरलं, की कुणाच्याच नावापुढे काही नको. त्यांच्या गेल्या, दानारची गेली, माझी पदविकाही गेली. ती मला सहज मिळाली नव्हती, पाकदे. काढताना वाईट वाटलं, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण कार्ड आता मोकळं आणि छान दिसतं. तुमच्याबद्दल एवढंच आहे: वली, सुमारवोतो, नवरीचे पाकदे.

आता तरी याल ना, तेवढं उलट टपाली लिहा. बाकी सगळं आईने तुमच्या पसंतीचं करायचं ठरवलं आहे, जेवणात नासी लिवेतचा भातसुद्धा.

तुमच्या होकाराच्या आणि लोभाच्या वाटेकडे डोळे लावून,
वेनिंग


सोलो, २२ एप्रिल

चि. वेनिंग हिस, अ. आ.

कार्ड पाहिलं. पदव्यांचं प्रदर्शन ही अलीकडची खोड आहे, असं मी पहिल्यापासून म्हणत आलो. उशिरा का होईना, तुझ्या ध्यानात आलं याचा आनंद आहे. येतो. टोपी नवी घ्यावी लागेल.

पाकदे


सेमारांग, २६ जून

ती. बुदे यांस, सा. न. वि. वि.

तुम्ही निकाहाच्या वेळी जेवणाच्या गडबडीत होतात, आणि नंतर बोलायला सवड झाली नाही, म्हणून लिहिते.

मला आतल्या खोलीत बसवलं होतं. बाहेरचं सगळं कर्ण्यातून ऐकू येत होतं. पाकदेंनी दानारचा हात धरला आणि मला त्याच्या हाती दिल्याचं वाक्य सुरू केलं, खणखणीत, भाषणासारखं. माझं नाव घेतलं. पुढे 'सार्जिमानची लेक' म्हणायचं होतं, आणि तिथेच ते थांबले. काझींनी पुन्हा म्हणायला सांगितलं. पुन्हा तिथेच अडले. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, की म्हाताऱ्याला भावाचं नाव आठवत नाही वाटतं. मला वाटलं, आता ते उठून जातात.

तिसऱ्या वेळी ते नाव आलं, इतक्या मोठ्याने की कर्णा किंचाळला. नुसतं सार्जिमान. मागे पुढे काही नाही, आणि काही कमी आहे असं कुणालाच वाटलं नाही. बुदे, मी बाबांचं नाव पाकदेंच्या आवाजात पहिल्यांदाच ऐकलं. म्हणून फोटोंत माझे डोळे तसे आले आहेत. नटवणाऱ्या बाईंचा त्यात काही दोष नाही.

दोघांवरही लोभ आहे, तो आता वाढला आहे असं समजावं.

तुमची,
वेनिंग


सोलो, ५ जुलै

चि. वेनिंग हिस, अ. उ. आ., वि. वि.

दानार सुखरूप पोचल्याचं कळलं. तू पदवी संपवूनच त्याच्यामागे जाणार हे योग्य. त्या दिवशी माझा आवाज अडकला तो माईक निकृष्ट होता म्हणून. मांडववाल्याला तसं कळवलं आहे.

पुढच्या महिन्यात इथल्या व्यवसाय-शाळेच्या वर्धापनदिनाला मला भाषणासाठी बोलावलं आहे. जुनं भाषण काढून पाहिलं. वाचवेना. तुम्ही त्या शीतगृहात नेमकं करता काय, ते लिहून पाठव. भाषा मीच सुधारीन.

दुसरं म्हणजे ऑक्टोबरातलं तुझं पदवीदान. असे समारंभ मी नोकरीत ढीगभर पाहिले. तिथे प्रत्येक मुलाच्या आईबापांसाठी दोन खुर्च्या राखून ठेवतात. एका खुर्चीवर तुझी आई बसेल. दुसरी सार्जिमानची. तिच्यावर कुणाला बसवायचं ते अजून ठरलं नसेल, तर मी त्या दिवशी मोकळा आहे.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
पाकदे