माझ्या माश्यांचा पहिला नंबर

सोमवार, ४ तारीख, दुपारी
आणि आधी शिरले कुठे, तर धाकटीच्या गोठ्यात! धाकटी म्हणजे माझी जाऊ. मध्ये नुसती एक भिंत, पण तिचं दार रस्त्याला लागून, म्हणून. नाहीतर मोठी मीच. जनावरांचे डॉक्टर होते आणि सोबत एक वहीवाली पोरगी. गोड पोरगी, पण चहा तिकडेच पिऊन आलेली.
गाय पाय आपटते, दूध आटलंय, ते चावऱ्या माशीमुळे म्हणे. पायाला बसून रक्त पिते आणि ओल्या शेणात, कुजक्या वैरणीत वाढते. ढीग दर आठवड्याला उपसा, शेण पातळ पसरून वाळवा, म्हणाले. दोघींच्या गोठ्यात एकेक चिकट बोर्ड लावला. पुढच्या सोमवारी माश्या मोजणार.
ढीग उद्या काढायचा. नक्की.

मंगळवार, ५ तारीख
कंबर धरली. ढीग राहिला. धाकटी मात्र उजाडल्यापासून फावडं घेऊन. लोकांना दिसावं म्हणून.
भिंतीवरून तिचा बोर्ड बघितला. नऊ माश्या. माझ्याकडे एकतीस! मोजणार म्हणजे नंबर काढणारच ना. रक्त गोड असल्याशिवाय का माशी बसते?

गुरुवार, ७ तारीख
बोर्ड ढिगाजवळ हलवला. शंभरापर्यंत मोजलं. पुढचं मला येत नाही, म्हणून परत एकपासून धरलं.
गायीने बादली लाथाडली. तिची गाय निवांत रवंथ करते, दूधही वाढलंय म्हणे. म्हणे! ती गाय पहिल्यापासून ठोंबच. धाकटी भिंतीवरून म्हणाली, बाई, मी येते, दोघी मिळून तासाभरात ढीग उपसू. मी म्हटलं, तुझं फावडं तुलाच लखलाभ. आता नंबर जातोय म्हणून आली लाडीगोडी लावायला. ओळखते मी, लग्न होऊन आली तेव्हापासून.

शनिवार, ९ तारीख
आज ढीग काढला तर मोजणीला माश्या कमी पडतील. एवढी अक्कल मला आहे. सोमवारनंतर, शपथ.
गायीच्या पायांवर रक्ताचे ठिपके. हात फिरवून समजावलं, दोनच दिवस गं बाई. तिने शेपटी तोंडावर मारली.

सोमवार, ११ तारीख
धाकटीच्या दारावरून सरळ माझ्याकडे! आधी माझ्याकडे! मोजता मोजता पोरीचं पान भरलं. अख्ख्या गल्लीत एवढ्या कुठे नसतील, म्हणाली. डॉक्टरांनी फोटो काढला. मी केस सारखे करून ढिगाशेजारी उभी राहिले, तर म्हणाले, आजी, जरा बाजूला व्हा, फोटो ढिगाचा हवाय.
बक्षीस कधी, विचारलं. ते म्हणाले, दूध किती आहे? दीड लिटरने उतरलं, म्हटलं. मग सगळं बोलले. पाच घरांना माझ्याच ढिगाच्या माश्या जातात. धाकटीच्या बोर्डावर मी मोजलेल्या नऊसुद्धा माझ्याच असणार.
गाय पाय आपटत होती. मी पदराने तिच्या पायांवरच्या माश्या हाकलल्या.
चार फावडी घेऊन येतो म्हणाले, ढीग उपसायला. शेण कसं पसरायचं ते मला धाकटी शिकवणार.
येणार गुरुवारी, १४ तारखेला, सकाळी सातला. आधी माझ्याकडेच.