खिडकीतलं तळं

नॉकडेरी, आयर्लंड

नोरा बाळा,

हे पत्र टाकायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलोय.

आपल्या शेतात तुला घर बांधायची परवानगी कौन्सिलने नाकारली, एवढंच मी फोनवर सांगितलं. कारण विचारलंस तेव्हा "त्या गाढवांना काय कळतंय!" म्हणून वेळ मारून नेली. कारण आहे ते रस्त्याचं वळण. तिथे समोरून येणारी गाडी दिसत नाही.

बारा वर्षांपूर्वी आपला शेजारी मॉसी, त्याच्या पोराने पलीकडच्या कुरणात घर बांधायला काढलं, तेव्हा हरकतीचं पत्र देऊन हे वळण कौन्सिलला मीच दाखवलं होतं. वळणाची मला काडीची फिकीर नव्हती. त्याच्या घराआड माझ्या खिडकीतलं तळं गेलं असतं. त्यालाही नकार आला. पोरगा कॅनडाला गेला, तो गेलाच.

काल मॉसी चहाला आला. नकाराचं पत्र त्याने सावकाश वाचलं, चष्मा पुसला.

"डॅन, ही तर तुझ्या त्या हरकतीतलीच वाक्यं की रे. मला पाठ आहेत."

बारा वर्षं तो माझ्याकडे चहा पितोय, नोरा.

तू आता तिकडे पर्थलाच घर घे. इथून तळं अगदी स्वच्छ दिसतंय. मध्ये कुणाचंच घर नाही.

तुझा,
डॅडी