गंमत नव्हती गं, ताई

ता. १४, मंगळवार

सौ. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तू, भावजी, छोटी सगळे बरे असाल. इकडे मीही ठीक. एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांची ऑर्डर आलीय, दिवसभर कड्या ठोकून हात भरून येतात.

मी आपल्या घरचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला म्हणून दादा रुसलाय म्हणे. रुसू दे.

आपल्या घराची रीतच वाकडी. वाईट बातमी सरळ सांगायचीच नाही. बाबांची नोकरी गेली तेव्हा ते दारातूनच ओरडले होते, "अगं, बढती मिळाली! साहेब आता घरीच बसणार!" मीही तेच केलं. रविवारी ग्रुपवर लिहिलं, 'नवऱ्याने हात चालवला. बॅग घेऊन बाहेर पडलेय. कुणी ठेवून घेणार का? जेवण दोन वेळ, बडबड फुकट.'

दादाने लिहिलं, 'बडबड बंद ठेवायचे किती घेशील?' वहिनीने हसरे चेहरे टाकले. आणि तू? 'नाटकी कुठली! जा घरी, कुकर लाव.' मी बसस्टॉपवर बसले होते गं. वाचून आधी मीसुद्धा हसले, खरंच. मग फोन बॅगेत कोंबला.

पण ते जाऊ दे. मी रोजच माकडचेष्टा करते, तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?

काल मात्र पायाखालची जमीन सरकली. हे कारखान्यात आले. सगळ्या बायकांसमोर फोन काढून माझाच मेसेज मोठ्याने वाचला, खाली तुमची उत्तरंही. म्हणाले, "बघा, हिची सख्खी माणसंच हसतायत." एकजण फिस्सकन हसलीसुद्धा. आपल्या ग्रुपवरचं यांच्याकडे कसं, मला कळेना. त्यांच्या फोनवर नाव बघितलं तर पाठवणारी तू! 'तुमच्या बायकोचं नाटक बघा' असं लिहून. अगं ताई! तू?

तू गमतीनेच पाठवलंस, माहीत आहे मला. रागवू तरी कशी?

मघाशी 'ठीक' लिहिलं, ते खरं नाही. डाव्या कानाने ऐकू येत नाही. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय. पडदे शिवणारीचाच! बघ, मेली खोड जात नाही.

मालकीणबाईंनी कटिंगच्या खोलीत झोपायला जागा दिलीय. हे शुक्रवारी पुन्हा येणार आहेत. "तुझ्या ताईलाच आणतो समजूत घालायला," असं सांगून गेलेत. तुला फोन आला असेलच. हो म्हणालीस का?

त्यांच्याबरोबर येऊ नकोस. तू त्यांच्या शेजारी उभी दिसलीस, तर मी मुकाट्याने जाईन गं त्यांच्यामागे. आणि एकदा गेले की पुन्हा बाहेर पडायची हिंमत माझ्यात उरणार नाही.

त्याआधी ये. एकटी ये. समजावू नकोस, हसवू नकोस, नुसती जवळ बस.

तुझीच, अजून तरी,
धाकटी